इस्राएलाचे तारण : पौलाच्या एका वाक्यावरून चाललेला वाद

रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात प्रेषित पौल आपल्या वाचकांना एक रहस्य सांगतो. इस्राएलाचा काही भाग सध्या कठोर झाला आहे. परराष्ट्रीयांचा, म्हणजे यहूदी नसलेल्या लोकांचा, भरणा पूर्ण होईपर्यंत ही स्थिती राहील. आणि अशा रीतीने अखेर इस्राएल सगळा तारला जाईल, असा पंचविसाव्या व सव्विसाव्या वचनांचा आशय आहे. वाक्य छोटे, पण त्यातला जवळजवळ प्रत्येक शब्द वादात सापडला. ‘सर्व इस्राएल’ म्हणजे कोण? यहूदी लोक, येशूला मानणारी मंडळी, की यहुद्यांमधले निवडक विश्वासणारे? हे तारण केव्हा घडायचे? ते येशू ख्रिस्तावरच्या विश्वासाने मिळणार, की त्यावाचून? आणि मुळात तारण म्हणजे पापांची क्षमा, की देशोधडीला लागलेल्या लोकांचे स्वदेशी परतणे? या प्रश्नांना चर्चने दिलेल्या उत्तरांचे परिणाम युरोपातल्या यहुद्यांना शतकानुशतके भोगावे लागले. त्यामुळे हा वाद केवळ धर्मपंडितांचा राहिलेला नाही.

जुन्या करारात तारण ही अगदी ठोस घटना आहे. मिसरच्या गुलामीतून सुटलेले लोक समुद्र ओलांडून पलीकडे पोचतात आणि फारोचे सैन्य बुडते, तेव्हा परमेश्वराने इस्राएलाला त्या दिवशी तारले असे निर्गमाचे पुस्तक सांगते. मरणानंतरच्या गतीचा तिथे विषयच नाही. शत्रू, दुष्काळ, रोगराई, परकी सत्ता यांपासून झालेली सुटका म्हणजे तारण, आणि ते एकट्या माणसाचे नसते, संपूर्ण लोकांचे असते. इ. स. पू. 722 च्या सुमारास अश्शूरने शोमरोन जिंकले आणि उत्तरेकडचे दहा वंश पांगले. इ. स. पू. 586 च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेम व तिथले मंदिर उद्ध्वस्त केले. त्यानंतर तारण म्हणजे बंदिवासातून परत येणे, असा अर्थ लोकांच्या मनात रुजला.

पण संदेष्टे एवढ्यावर थांबले नाहीत. यहेज्केल छत्तिसाव्या अध्यायात लोकांना देशोदेशींहून गोळा करण्याचे वचन देतो आणि त्याच दमात नवे हृदय व नवा आत्मा देण्याचेही. पुढच्या अध्यायात वाळलेल्या हाडांना जीव येतो, आणि यहूदाची काठी व एफ्राइमची काठी जोडून एक होते. यिर्मया एकतिसाव्या अध्यायात नव्या कराराची ग्वाही देतो. हा करार लोकांच्या अंतःकरणावर लिहिलेला असेल आणि त्यांच्या पापांची आठवण देव ठेवणार नाही. लगेच पुढे तो सांगतो की सूर्य-चंद्र-ताऱ्यांचा नेम जोवर टिकून आहे तोवर इस्राएल राष्ट्र म्हणून नाहीसा होणार नाही. यशयाच्या पंचेचाळिसाव्या अध्यायात इस्राएलाला सर्वकाळच्या तारणाचे वचन मिळते, आणि तिथेच पृथ्वीच्या टोकापर्यंतच्या लोकांनाही तारण घेण्याचे आमंत्रण आहे. म्हणजे देहाची सुटका आणि मनाचे शुद्धीकरण, एका लोकांवरची निष्ठा आणि साऱ्या जगाला हाक, हे सगळे या ग्रंथांत एकत्र गुंफलेले आहे. शिवाय यशयाच दहाव्या अध्यायात म्हणतो की लोक समुद्राच्या वाळूइतके असले तरी त्यांतले थोडेच परत येतील. सगळे की थोडे, हा पेच पौलाने निर्माण केलेला नाही. तो त्याला वारशाने मिळाला.

बंदिवासातून परतण्याची परवानगी इ. स. पू. 538 च्या सुमारास इराणी सम्राट कोरेशने दिली. काही लोक आले, मंदिर पुन्हा उभे राहिले, पण भाकितांतले वैभव काही आले नाही. पहिल्या शतकात देश रोमी टाचेखाली होता. लूकच्या शुभवर्तमानात जखऱ्या याजक आपल्या स्तोत्रात शत्रूंच्या हातून सुटका आणि पापांची क्षमा अशा दोन्ही गोष्टींना तारण म्हणतो. मत्तयाच्या पहिल्या अध्यायात मात्र येशू आपल्या लोकांना त्यांच्या पापांपासून तारील असे स्पष्ट सांगितले आहे. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या आरंभी शिष्य पुनरुत्थित येशूला विचारतात की इस्राएलाचे राज्य तो आता पुन्हा स्थापणार आहे काय. येशू त्यांची आशा खोटी ठरवत नाही. काळ-वेळ जाणणे तुमच्याकडे नाही, असे सांगून तो त्यांना साक्षीच्या कामाला लावतो. राष्ट्राचे पुनःस्थापन रद्द झाले, की पुढे ढकलले गेले, की त्याचा अर्थच बदलला, हा प्रश्न नव्या कराराच्या पानांवरच असा उघडा राहतो.

पौलाने हे पत्र इ. स. 57 च्या सुमारास करिंथ येथून लिहिले. रोममधल्या मंडळीची त्या वेळची स्थिती ध्यानात घेतल्याशिवाय त्याचा रोख कळत नाही. सम्राट क्लौद्य याने यहुद्यांना रोममधून हाकलले होते. ही हद्दपारी बहुधा इ. स. 49 मधली. अक्विल्ला व प्रिस्किल्ला हे दांपत्य त्याच हुकुमामुळे करिंथला आले आणि तिथे पौलाला भेटले. इ. स. 54 मध्ये क्लौद्य मेल्यावर यहुदी परतू लागले. मधल्या काळात रोमच्या मंडळीत परराष्ट्रीयांचा वरचष्मा झाला असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. परत आलेल्या यहुदी विश्वासणाऱ्यांकडे हे नवे लोक वरून पाहू लागले होते, हे पत्रातल्या इशाऱ्यांवरून दिसते. अकराव्या अध्यायात पौल परराष्ट्रीयांना नाव घेऊन संबोधतो. इस्राएलाबद्दलचे सारे विवेचन त्याने यहुद्यांना सुनावण्यासाठी नव्हे, तर या परराष्ट्रीयांचा तोरा उतरवण्यासाठी लिहिले आहे. पुढच्या टीकाकारांना याचाच विसर फार लवकर पडला.

नवव्यापासून अकराव्यापर्यंतचे तीन अध्याय हा एकच सलग युक्तिवाद आहे. आपल्या भाऊबंदांसाठी आपणच शापित व्हावे, इतके पौलाचे दुःख तीव्र आहे. बहुसंख्य यहुद्यांनी येशूला मसीहा मानले नाही. मग देवाचे वचन फुकट गेले काय? पहिले उत्तर असे की इस्राएलातून जन्मलेले सगळेच इस्राएल नव्हेत. इश्माएल नव्हे तर इसहाक, एसाव नव्हे तर याकोब, अशी निवड आधीपासून होत आली आहे. दहाव्या अध्यायात दुसरे उत्तर येते. लोकांना आवेश आहे पण ज्ञान नाही. जो कोणी प्रभूचा धावा करील तो तारला जाईल, आणि यात यहुदी व हेल्लेणी, म्हणजे ग्रीक, असा भेद नाही. अकराव्यात पौल थेट विचारतो की देवाने आपल्या लोकांना टाकून दिले आहे काय, आणि ठाम नकार देतो. आपण स्वतः इस्राएली आहोत, बन्यामिनाच्या वंशातले आहोत, हा त्याचा पहिला पुरावा. एलीयाच्या काळी सात हजार जण एकनिष्ठ राहिले होते, तसे आताही काही उरले आहेत, हा दुसरा.

यानंतर युक्तिवाद वळण घेतो. इस्राएल अडखळला तो कायमचा पडावा म्हणून नव्हे, तर त्या निमित्ताने तारण परराष्ट्रीयांकडे जावे आणि ते पाहून इस्राएलाला ईर्ष्या वाटावी म्हणून. त्यांच्या पडण्याने जगाला एवढे मिळाले, तर त्यांच्या भरतीने किती मिळेल, असे पौल विचारतो. मग येतो जैतुनाच्या झाडाचा दाखला. अस्सल झाडाच्या काही फांद्या तोडल्या गेल्या आणि त्यांच्या जागी रानटी जैतुनाचे डहाळे कलम करून लावले गेले. रानटी डहाळ्याने फुशारकी मारू नये, कारण तो मुळाला धरून ठेवत नाही, मूळ त्याला धरून ठेवते. जो माळी अस्सल फांद्या तोडू शकतो तो रानटी फांदीही तोडील, आणि तोडलेल्या अस्सल फांद्या पुन्हा त्यांच्याच झाडावर लावणे त्याला मुळीच अवघड नाही. या दाखल्यानंतर लगेच ते रहस्य येते, आणि त्याला आधार म्हणून यशयाची दोन ठिकाणची वचने एकत्र गुंफलेली आहेत. त्यानंतर पौल म्हणतो की शुभवर्तमानाच्या बाबतीत हे लोक तुमच्यामुळे शत्रू ठरले आहेत, पण निवडीच्या बाबतीत पूर्वजांमुळे ते प्रियच आहेत. देव आपली कृपादाने आणि आपले पाचारण मागे घेत नाही.

पौलाच्या मृत्यूनंतर शंभर वर्षे होण्याच्या सुमारास चित्र पालटलेले दिसते. इ. स. 70 मध्ये रोमी सैन्याने मंदिर जाळले, 135 मध्ये बार कोखबाचे रोमविरुद्धचे बंड चिरडले गेले, आणि मंडळीत परराष्ट्रीयांचीच संख्या वाढत गेली. हुतात्मा जस्टिन याने दुसऱ्या शतकाच्या मध्यास ट्रायफो नावाच्या यहुद्याशी झालेला संवाद लिहिला. त्यात ख्रिस्ती लोक हेच खरे आत्मिक इस्राएल, असा दावा आहे. सार्दीसचा मेलितो आणखी पुढे गेला आणि देवाला ठार मारल्याचा आरोप त्याने इस्राएलावर ठेवला. मंडळीने इस्राएलाची जागा घेतली, करार यहुद्यांकडून काढून ख्रिस्ती लोकांना दिला गेला, हा विचार इथून पक्का होत गेला. झाडाऐवजी रानटी डहाळीच स्वतःला मूळ समजू लागली.

तरीही पौलाचे वचन पुरते दडपले गेले नाही. चौथ्या शतकात अंत्युखियात यहुद्यांविरुद्ध अत्यंत कडवट प्रवचने करणारा जॉन क्रिसोस्टोम रोमकरांस पत्रावर बोलताना मात्र काळाच्या शेवटी यहुदी तारले जातील असे मानतो. ऑगस्टिनचे लेखन दोन्हीकडे झुकते. एका पत्रात तो इस्राएलाचा अर्थ यहुदी व परराष्ट्रीय यांतले निवडलेले असा करतो, तर ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या विसाव्या खंडात न्यायाच्या दिवसापूर्वी एलीया येईल आणि यहुदी ख्रिस्ताकडे वळतील असे सांगतो. यहुद्यांना ठार करू नये, कारण त्यांच्याजवळचे ग्रंथ ख्रिस्ती श्रद्धेची साक्ष देतात, हा त्याचा सिद्धांत. त्यामुळे मध्ययुगात यहुद्यांना जगण्याचा हक्क मिळाला, पण तो अपमानित साक्षीदाराचा. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने रोमकरांस पत्राच्या भाष्यात म्हटले की आता यहुद्यांतले एकेकटे येतात, शेवटी मात्र ते सर्वसाधारणपणे येतील. भविष्यात यहुदी लोक समूहाने ख्रिस्ताकडे वळतील, हे मत पश्चिमेच्या चर्चमध्ये असे कायम राहिले. पण त्यापायी त्यांच्याशी आज चांगले वागावे, असे फार थोड्यांना वाटले.

धर्मसुधारणेच्या काळात मतभेद स्पष्ट झाले. मार्टिन ल्यूथरने 1515–16 मध्ये विटेनबर्ग विद्यापीठात रोमकरांस पत्र शिकवताना यहुद्यांच्या भावी तारणाची आशा मान्य केली होती. नंतर ती त्याने सोडली, आणि 1543 मध्ये यहुद्यांविरुद्ध जे पुस्तक लिहिले त्यात त्यांची सभास्थाने जाळावीत असा सल्ला दिला. पुढे नाझींनी त्या पुस्तकाचा पुरेपूर वापर केला. जॉन कॅल्व्हिनने ‘सर्व इस्राएल’ म्हणजे यहुदी व परराष्ट्रीय मिळून देवाची सगळी प्रजा, असा अर्थ लावला. गलतीकरांस पत्राच्या शेवटी येणारा ‘देवाचा इस्राएल’ हा शब्दप्रयोग त्याच्या मताला आधार देतो. यात यहुद्यांना अग्रस्थान राहील, असेही त्याने नमूद केले. मात्र त्याचाच वारसदार थिओडोर बेझा याने इस्राएल म्हणजे यहुदी लोकच, असे मानले, आणि इंग्लंड-स्कॉटलंडच्या प्युरिटन पंथीयांत हेच मत रुजले. वेस्टमिन्स्टरच्या सभेने 1640 च्या दशकात तयार केलेल्या मोठ्या प्रश्नोत्तरीत, प्रभूच्या प्रार्थनेतील देवाचे राज्य येण्याच्या मागणीखाली, यहुद्यांना पाचारण व्हावे म्हणून प्रार्थना करण्यास सांगितले आहे.

याच वर्तुळात तारणाचा जुना, मातीशी जोडलेला अर्थ पुन्हा वर आला. इंग्लिश कायदेपंडित हेन्री फिंच याने 1621 मध्ये पुस्तक लिहून प्रतिपादन केले की यहुदी ख्रिस्ताला मानतील आणि आपल्या भूमीत परतून राज्य करतील. जगातले राजे त्यांना मान देतील, हे राजा पहिल्या जेम्सला खपले नाही आणि फिंचला अटक झाली. 1655 मध्ये ॲम्स्टरडॅमचा रब्बी मनश्शे बेन इस्राएल लंडनला आला आणि यहुद्यांना इंग्लंडमध्ये राहू द्यावे अशी मागणी त्याने तिथला त्या वेळचा सत्ताधीश क्रॉमवेल याच्याकडे केली. त्या देशातून त्यांना 1290 मध्ये हाकलले गेले होते. त्याच्या मागणीला पाठिंबा देणाऱ्यांत पौलाच्या या वचनावर आशा ठेवणारे प्युरिटन होते.

स्कॉटलंडची ही आशा मुंबई-कोकणापर्यंतही पोचली. 1829 मध्ये मुंबईत आलेले स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी कुलाबा जिल्ह्यातल्या आणि मुंबईतल्या बेने इस्राएल समाजात विशेष लक्ष घातले. कोकणात हे लोक तेल गाळत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांचा संबंध हरवलेल्या दहा वंशांशी असावा, असे विल्सन यांचे मत होते. त्यांनी मराठीतून हिब्रूचे व्याकरण लिहिले, शाळा चालवल्या. त्यांच्याआधी आलेल्या अमेरिकन मिशनच्या शाळांतही बेने इस्राएल शिक्षक होतेच. फळ मात्र मिशनरींना अपेक्षित होते तसे मिळाले नाही. ख्रिस्ती झालेले बेने इस्राएल अगदी थोडे. उलट जुना करार मराठीत हाती आल्यामुळे आणि हिब्रू शिकायला मिळाल्यामुळे त्यांची यहुदी धर्माची जाण पक्की झाली.

एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बी (1800–1882) या आयर्लंडशी संबंध असलेल्या धर्मोपदेशकाने वादाला अगदी नवी दिशा दिली. त्याच्या मते इस्राएल आणि मंडळी या देवाच्या दोन वेगळ्या प्रजा आहेत. त्यांची वचने वेगळी, त्यांची भवितव्येही वेगळी. मंडळी आधी वर उचलली जाईल, मग यहुद्यांवर मोठे संकट येईल, उरलेले लोक मसीहाला ओळखतील आणि यरुशलेमहून हजार वर्षांचे राज्य चालेल. या मांडणीत संदेष्ट्यांची भूमीबद्दलची सगळी वचने शब्दशः घेतली जातात. 1909 मध्ये सायरस स्कोफील्ड यांनी टीपांसह प्रसिद्ध केलेल्या बायबलमुळे हा विचार अमेरिकेत घरोघरी गेला. 1948 मध्ये इस्राएल राष्ट्र स्थापन झाले आणि 1967 च्या युद्धात पूर्व यरुशलेम त्याच्या ताब्यात आले, तेव्हा या मताच्या लोकांना भाकिते डोळ्यांदेखत पुरी होत असल्यासारखे वाटले. आजच्या ख्रिस्ती झायोनवादाची मुळे इथे आहेत. यातली अडचण मोठी आहे. पौलाच्या दाखल्यात झाड एकच आहे आणि रानटी फांद्या त्याच्यावरच कलम होतात. दोन स्वतंत्र झाडांची कल्पना त्या दाखल्यात बसत नाही.

विसाव्या शतकात साठ लाख यहुद्यांचा संहार झाला, तो बाप्तिस्मा घेतलेल्या लोकांच्या युरोपात. त्यानंतर ख्रिस्ती विचारवंतांना आपली भाष्ये पुन्हा तपासावी लागली. बायको आणि मुलगी नाझींच्या छळछावणीत गमावलेले फ्रेंच यहुदी इतिहासकार ज्यूल्स इसाक यांनी ख्रिस्ती शिकवणीतल्या यहुद्वेषाचा अभ्यास केला आणि जून 1960 मध्ये पोप तेविसावे जॉन यांची भेट घेतली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 28 ऑक्टोबर 1965 रोजी ‘नोस्त्रा एताते’ हा जाहीरनामा 2,221 विरुद्ध 88 मतांनी स्वीकारला. येशूच्या मृत्यूचा दोष त्या काळच्या सर्व यहुद्यांवर वा आजच्या यहुद्यांवर टाकता येत नाही आणि देवाने त्यांना टाकलेले नाही, हे त्याच्या चौथ्या परिच्छेदात सांगितले, आणि आधार घेतला तो रोमकरांस पत्राच्या अकराव्या अध्यायाचा व जैतुनाच्या झाडाचा. 1980 मध्ये माइन्त्स येथे यहुद्यांशी बोलताना पोप दुसरे जॉन पॉल यांनी जुना करार देवाने कधीच रद्द केलेला नाही, असे स्पष्ट म्हटले.

मग पुढचा प्रश्न अटळ होता. करार रद्द नसेल तर यहुद्यांना तारणासाठी येशूची गरज आहे काय? स्वीडिश लूथरन अभ्यासक क्रिस्टर स्टेंडाल यांनी 1976 च्या आपल्या पुस्तकात एका गोष्टीकडे बोट दाखवले. दहाव्या अध्यायाच्या अठराव्या वचनापासून अकराव्या अध्यायाच्या शेवटापर्यंत पौल येशूचे नाव एकदाही घेत नाही, आणि शेवटचे स्तवनही केवळ देवाचे आहे. इस्राएल येशूला मसीहा मानेल असे पौल इथे म्हणत नाही, हे त्यांचे निरीक्षण. लॉइड गॅस्टन व जॉन गेजर यांनी यातून पुढे जाऊन मांडले की परराष्ट्रीयांचा मार्ग ख्रिस्त, यहुद्यांचा मार्ग मोशेचा करार, आणि दोन्ही देवाकडेच नेतात. यहुदी तत्त्वज्ञ फ्रान्झ रोझेनत्स्वाइग यांनी 1921 च्या ‘तारणाचा तारा’ या ग्रंथात असाच काहीसा विचार आधी मांडला होता.

दोन मार्गांचे हे मत उदार आहे आणि त्यामागचा पश्चात्ताप खरा आहे, पण पौलाच्या पत्रात ते सापडत नाही. शुभवर्तमान हे आधी यहुद्यासाठी आणि मग हेल्लेण्यासाठी तारणाचे सामर्थ्य आहे, असे पत्राच्या पहिल्याच अध्यायात लिहिलेले आहे. यहुद्यांना त्याची गरज नसती तर नवव्या अध्यायातल्या त्या दुःखाला काही कारणच उरत नाही. रहस्याला आधार म्हणून दिलेल्या यशयाच्या वचनांतला सियोनातून येणारा उद्धारक म्हणजे पौलाच्या मते येशूच असावा, कारण थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात स्वर्गातून येऊन सोडवणारा म्हणून तो येशूचेच नाव घेतो. कॅथलिक चर्चच्या यहुदी संबंधविषयक आयोगाने डिसेंबर 2015 मध्ये काढलेल्या निवेदनात दोन समांतर मार्ग नाकारले आहेत. त्याच वेळी यहुद्यांसाठी खास संस्थात्मक धर्मप्रसार चर्च चालवत नाही, असेही म्हटले आहे. ख्रिस्ताची उघड कबुली न देता यहुदी तारणात कसे सहभागी होतात, हे देवाचे गूढ मानून ते निवेदन थांबते. इव्हँजेलिकल नेत्यांच्या 1989 च्या विलोबँक जाहीरनाम्याची भूमिका याच्या उलट आहे. यहुद्यांना शुभवर्तमान न सांगणे हाच त्यांच्यावर अन्याय, असे तो म्हणतो.

अभ्यासकांच्या वर्तुळात आज आणखी तीन वाचने चर्चेत आहेत. ब्रिटिश अभ्यासक एन. टी. राइट यांनी कॅल्व्हिनचे मत नव्या युक्तिवादाने उचलून धरले. मूळ ग्रीक वाक्याची सुरुवात ‘मग’ अशी नसून ‘अशा रीतीने’ अशी आहे. परराष्ट्रीय आत येतात आणि त्याच प्रक्रियेतून मसीहाभोवती सर्व इस्राएल घडतो, असे ते म्हणतात. हर्मन रिडरबॉस आणि इतर काही रिफॉर्म्ड, म्हणजे कॅल्व्हिनच्या परंपरेतल्या, पंडितांना वाटते की ‘सर्व इस्राएल’ म्हणजे प्रत्येक पिढीत ख्रिस्ताकडे आलेल्या यहुद्यांची एकूण बेरीज. अमेरिकन अभ्यासक जेसन स्टेपल्स यांचे मत सर्वांत वेगळे. पहिल्या शतकात ‘यहुदी’ आणि ‘इस्राएल’ हे एकच नव्हते, इस्राएलात उत्तरेचे हरवलेले वंशही येत. ते वंश परराष्ट्रीयांत मिसळून गेले. उत्पत्तीच्या अठ्ठेचाळिसाव्या अध्यायात एफ्राइमच्या संततीपासून राष्ट्रांचा भरणा होईल असे याकोब म्हणतो, आणि पौलाचा ‘परराष्ट्रीयांचा भरणा’ त्याचीच आठवण करून देतो. परराष्ट्रीय विश्वासणारे आत येतात तेव्हा हरवलेला एफ्राइमच परत येतो, असा त्याचा अर्थ. यहेज्केलाच्या दोन काठ्यांशी हे वाचन चांगले जुळते, मात्र पौल या ठिकाणी एफ्राइमचे नाव घेत नाही.

मजकुराशी सर्वांत प्रामाणिक वाचन मात्र जुनेच आहे : सव्विसाव्या वचनातला इस्राएल म्हणजे यहुदी लोक, आणि त्यांचे तारण अजून व्हायचे आहे. पंचविसाव्या वचनात कठोर झालेला इस्राएल परराष्ट्रीयांहून वेगळा आहे, आणि अठ्ठाविसाव्यात शत्रू असूनही प्रिय असलेले लोकही तेच आहेत. मधल्या एका वचनात पौलाने अर्थ बदलला असे मानायला सबळ कारण लागेल, आणि ते मिळत नाही. काळाच्या ओघात थोडेथोडे यहुदी विश्वास ठेवतील एवढेच सांगायचे असते तर त्याला रहस्य म्हणण्याचे प्रयोजन नव्हते. ‘सर्व’ याचा अर्थ मात्र प्रत्येक व्यक्ती असा होत नाही. जुन्या करारात ‘सर्व इस्राएल’ गोळा झाला असे म्हणताना एकूण एक माणूस अभिप्रेत नसतो. इ. स. 200 च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी नियमसंग्रहातही सर्व इस्राएलाला येणाऱ्या युगात वाटा आहे असे सांगून लगेच अपवादांची यादी दिलेली आहे.

उरतो भूमीचा प्रश्न, आणि तो आज सर्वांत कळीचा आहे, कारण त्यावर जिवंत माणसांची घरेदारे अवलंबून आहेत. यरुशलेमचे अँग्लिकन धर्मगुरू नईम अतीक यांनी 1989 मध्ये न्यायाचा प्रश्न पुढे ठेवून पॅलेस्टिनी ख्रिस्ती लोकांची बाजू मांडली. 2009 च्या ‘कैरोस पॅलेस्टाईन’ निवेदनात तिथल्या ख्रिस्ती नेत्यांनी म्हटले की बायबलच्या वचनांचा आधार घेऊन लोकांना बेघर करणे देवाच्या इच्छेशी विसंगत आहे. उलट बाजूचे लोक विचारतात की पाचारण मागे घेतलेले नाही तर भूमीचे वचन तरी मागे कसे घेतले जाईल. यहेज्केल आणि यिर्मया वाचणाऱ्याला हा प्रश्न रास्त वाटेल. पण रोमकरांस पत्राला त्यासाठी साक्षीला बोलावता येत नाही. नवव्या अध्यायाच्या आरंभी पौल इस्राएलाच्या देणग्या एकेक करून मोजतो. दत्तकपण, गौरव, करार, नियमशास्त्र, उपासना, वचने, पूर्वज आणि देहाने त्यांच्यातून आलेला मसीहा, एवढ्या त्या आहेत. भूमीचा उल्लेख या यादीत नाही, आणि नवव्यापासून अकराव्यापर्यंतच्या तीन अध्यायांत कुठेही त्या देशाच्या सीमांचा वा राज्याचा विषय निघत नाही. चौथ्या अध्यायात मात्र अब्राहामाला मिळालेल्या वचनाचा विषय निघतो, आणि तिथे पौल त्याला कनान देशाचा नव्हे, जगाचा वारस म्हणतो.